तिसरा गिअर सुटतोय, दुसरा करकरतोय : बॉक्स खोलावा की बदलावा?

कृष्णाकाठ

मंडळी, गाडीचा प्रश्न आहे आणि गेले तीन आठवडे डोक्यातून जात नाहीये. जाणकारांनी जरा वेळ काढून वाचावं ही विनंती.

गाडी २०१३ सालची छोटी पेट्रोल हॅचबॅक, पाच गिअरची, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेली. आप्पांनी निवृत्तीच्या पैशातून घेतली, आता मी चालवतो. राहायला कराडला, बायकोचं माहेर चिपळूणला. म्हणजे महिन्यातून एकदा तरी पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट ठरलेला.

तक्रार सुरू झाली दुसऱ्या गिअरपासून. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना कर्रर्र आवाज. आधी फक्त सकाळी थंड गाडीला यायचा, आता दिवसभर येतो. मग दोन महिन्यांनी तिसरा सुटायला लागला. चढावर नाही सुटत. उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की दांडा आपोआप न्यूट्रलला येतो. शिवाय सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभं असताना पुढून बारीक घरघर येते, क्लच दाबला की बंद होते.

मागच्या खेपेला घाट उतरताना पाऊस होता, पुढे मालट्रक, मागच्या सीटवर दोन्ही पोरं. वळणाच्या तोंडावर तिसरा सुटला आणि गाडी एकदम हलकी झाली. ब्रेक लागले, काही झालं नाही. पण तेव्हापासून घाट उतरताना डावा हात दांड्यावर दाबूनच ठेवतो.

तीन ठिकाणी विचारलं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गिअरबॉक्स न उघडताच अख्खा नवा बॉक्स (असेंब्ली) टाकायला सांगितला, मजुरीसकट ७४ हजार. ओळखीचा मिस्त्री म्हणतो खोलून बघू, १८ ते २८ हजारांत बसेल. तिसऱ्याने जुना बॉक्स आणून बसवून देतो म्हणाला, ३० हजार. गाडी विकायला काढली तर आज दीड लाखाच्या आसपास येतील. काय करावं?

बारा_तेराचा_पाना

दादा, पहिलं सांगतो ते आजच करा. दांड्यावर हात दाबून धरणं बंद करा. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला गिअरचा फोर्क असतो, तो स्लीव्हच्या, म्हणजे सरकून गिअर जोडणाऱ्या कड्याच्या, खाचेत बसतो. तुम्ही वरून जोर दिला की फोर्क फिरत्या स्लीव्हवर सतत घासत राहतो. सुटणारा गिअर दाबून धरून धरून लोक फोर्कही घालवून बसतात. सांगलीला माझं छोटं गॅरेज आहे, असे झिजलेले फोर्क मी डब्यात साठवून ठेवलेत, गिऱ्हाइकाला दाखवायला.

आणि दुरुस्ती होईपर्यंत घाट उतरायचा झाला तर दुसऱ्यातच उतरा, वेळ लागला तर लागू द्या. गिअर सुटला की इंजिनचा रोध जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर ब्रेक तापले की पेडल मऊ पडतं. पावसात तर विचारूच नका.

आता तपासणी. बॉक्स खाली उतरवायच्या आधी या गोष्टी बघून घ्या, यातल्या निम्म्या फुकटात होतात.

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद इंजिनवर लोण्यासारखे पडतात आणि चालू इंजिनवर अडतात, तर दोष बॉक्सपेक्षा क्लचचा असायची शक्यता जास्त. क्लच पूर्ण सुटत नसेल तर पहिला जड जातो आणि रिव्हर्स टाकताना हमखास आवाज येतो, कारण बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवणारी रिंग, नसतो.

मग गिअरबॉक्सचं माउंटिंग बघा. रबर फाटलं असेल तर पाय काढल्यावर अख्खं इंजिन-बॉक्स मागेपुढे होतं आणि दांड्याकडून येणाऱ्या केबल किंवा रॉड तेवढ्या ओढल्या जातात. नुसत्या माउंटिंगमुळे गिअर सुटलेल्या गाड्या मी पाहिल्यात. त्यांच्या मालकांनाही बॉक्स बदला म्हणूनच सांगितलेलं होतं.

तिसरं, तेल. खालचा बोल्ट उघडून तेल काढा आणि मला फोटो टाका. नुसतं काळं आहे म्हणू नका. बोल्टच्या चुंबकाला काय चिकटलंय ते बघा.

दापोडीकर

मी एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी गिअरबॉक्सवर. सध्याच्या छोट्या गाड्यांचं काम मी केलेलं नाही, पण आत चालतं ते तेच.

धागाकर्त्यांना एक प्रयोग सुचवतो. पूर्वीच्या गाड्यांना सिंक्रो नव्हते, तेव्हा चालक डबल क्लच मारायचे. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना क्लच दाबायचा, दांडा न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, अ‍ॅक्सिलरेटरला हलकी थाप, पुन्हा क्लच दाबून दुसरा टाकायचा. मोकळ्या, सपाट रस्त्यावर हे करून बघा. असं केल्यावर दुसरा निमूट पडला तर तुमचं गिअरचक्र शाबूत आहे, सिंक्रोची रिंग झिजली आहे. तरीही कर्र झालं तर आत दातांपर्यंत मार पोचलाय, किंवा क्लच सुटत नाहीये.

कारण सांगतो. बॉक्समधली पुढच्या गिअरची चक्रं कायम एकमेकांत गुंतलेलीच असतात. गिअर टाकतो म्हणजे आपण चक्र जोडत नाही, तर शाफ्टवर मोकळं फिरणारं एक चक्र स्लीव्ह सरकवून शाफ्टशी बांधतो. बांधायच्या क्षणी दोघांचा वेग सारखा हवा. ते काम पितळी रिंग करते. चक्राला एक निमुळता शंकू असतो, त्याच्यावर रिंग घासते, वेग जुळतो, मग स्लीव्ह पुढे सरकून बारीक दातांवर बसते. रिंगेच्या आतल्या बाजूला बारीक चऱ्या असतात, त्या तेलाचा थर कापतात. चऱ्या बोथट झाल्या की रिंग नुसती तेलावर घसरते. वेग जुळत नाही, स्लीव्ह दातांवर आपटते आणि तुम्हाला कर्र ऐकू येतं. थंड तेल घट्ट असतं म्हणून सकाळी जास्त.

तिसरा सुटतो त्याचा दोष वेगळा असू शकतो. त्या बारीक दातांची कड मागे थोडी निमुळती कापलेली असते, त्यामुळे भार आला की स्लीव्ह आत ओढली जाते. कड गोल झाली की उलटं होतं. तुमचा तिसरा पाय काढल्यावर सुटतो, म्हणजे दातांची उलटी बाजू झिजली असावी. किंवा शाफ्टच्या बेअरिंगला फट पडून शाफ्ट पुढेमागे होत असेल. आणि न्यूट्रलमध्ये घरघर, क्लच दाबल्यावर शांत, हे तर इनपुट शाफ्टच्या, म्हणजे इंजिनकडून फिरणाऱ्या शाफ्टच्या, बेअरिंगचंच लक्षण. क्लच दाबल्यावर आवाज आला असता तर क्लचचं रिलीज बेअरिंग म्हटलं असतं.

तीनही तक्रारी एकमेकींना धरून आहेत असं मला वाटतं.

मीनल_नाशिक

मी वेगळं मत मांडते, राग मानू नका. सगळे बॉक्सबद्दल बोलताहेत, गाडीबद्दल कुणीच नाही.

२०१३ सालची गाडी. खालचं मॉडेल असेल तर एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. २०१९ पासून नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग आणि एबीएस सक्तीचे झाले, ते उगाच नाही. तुम्ही स्वतःच लिहिलंय की पावसात घाटात मागे दोन मुलं होती. २८ हजार या गाडीत घालण्यापेक्षा ते आणि विक्रीचे दीड लाख मिळून २०१९ नंतरची वापरलेली गाडी घ्या, वर थोडं कर्ज काढा. शिवाय २०२८ ला या गाडीला पंधरा वर्षं होतील. मग आरटीओत फिटनेस, नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांसाठी, वर पर्यावरण कर. आज बॉक्स, उद्या सस्पेन्शन, परवा रेडिएटर. आमच्या घरी हे असंच झालं. तीन वर्षांत गाडीच्या किमतीइतके पैसे तिच्यातच गेले आणि शेवटी ती विकलीच.

कृष्णाकाठ

मीनलताई, राग कसला? तुमचा मुद्दा मनाला लागला. एबीएस नाही, हे खरं आहे. घरात त्यावर बोलणं झालं. मुलांच्या शाळेच्या फीचं वर्ष आहे, मार्चपर्यंत नवा हप्ता झेपणार नाही. गाडी २०२८ पर्यंत वापरायची आणि नूतनीकरणाच्या आधी बदलायची, असं ठरतंय. म्हणजे प्रश्न एवढाच उरला की या बॉक्सला तोवर कमीत कमी खर्चात आणि भरवशाने कसं चालवायचं. मधल्या काळात पावसाळ्यात घाटाऐवजी एसटीनेच जायचं, हे बायकोने सांगून टाकलंय.

पानादादा, तपासणी केली. माउंटिंग ठीक आहे. क्लच बरोबर सुटतोय, रिव्हर्स आवाज न करता पडतो. काकांनी सांगितलेला डबल क्लच सकाळी विद्यानगरच्या मोकळ्या रस्त्यावर मारून पाहिला. पहिल्या दोनदा चुकला. तिसऱ्यांदा दुसरा गिअर असा पडला की मला खरंच भरून आलं, एवढे महिने तो असा निमूट पडलाच नव्हता.

तेल काढलं. साधारण दोन लिटर बसतं म्हणतात, निघालं जेमतेम सव्वा लिटर. एक्सलच्या ऑइल सीलमधून गळत होतं, डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला सगळी माती चिकटलेली. तेल काळपट, आणि उन्हात भांडं तिरकं केलं की त्यात सोनेरी चकाकी. बोल्टच्या चुंबकावर करड्या लेपाचा थर, आणि त्यात तांदळाच्या कणीएवढे दोन चकचकीत तुकडे.

बारा_तेराचा_पाना

करडा लेप सगळ्यांच्याच बोल्टवर असतो, त्याची काळजी नको. सोनेरी चकाकी म्हणजे पितळ, म्हणजे काकांनी सांगितलेली सिंक्रो रिंग. पितळ चुंबकाला चिकटत नाही, ते तेलातच तरंगतं, म्हणून नुसता बोल्ट बघणाऱ्याला कळत नाही. ते दोन तुकडे मात्र पोलादाचे, बेअरिंगच्या पट्टीचे किंवा दातांच्या कडेचे. बॉक्स खोलायला हवाच. नुसतं तेल बदलून गाडी चालवली तर ते तुकडे फिरून फिरून चांगल्या दातांत जातील.

कमी तेलावर किती फिरली कोण जाणे. पण बॉक्स तेलावाचून करपलेला असेल तर तेलाला जळका वास येतो. आला का?

कृष्णाकाठ

नाही. नेहमीचा गिअर ऑइलचा उग्र वास, जळका नाही.

सह्याद्रीसखा

जुना बॉक्स बसवणाऱ्यांच्या बाजूने थोडं. माझ्या आधीच्या गाडीत डिफरन्शिअलची (बॉक्समधला दोन्ही चाकांना फिरवणारा चक्रांचा संच) पिन तुटून केसिंग फोडून बाहेर आली होती. रस्त्यावर सगळं तेल आणि अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा. तिथे दुरुस्ती कशाची करणार? कुर्ल्याहून जुना बॉक्स आणला, ४० हजार किमी चालला, गाडी विकली तेव्हाही ठीक होता. त्यामुळे सरसकट नाही म्हणू नका. आणि आरटीओचं काही झंझट नसतं, आरसीवर इंजिन नंबर आणि चासी नंबर असतो, बॉक्सचा नसतो.

पण घेताना मी जे केलं ते सांगतो. बॉक्स जमिनीवर ठेवून इनपुट शाफ्ट हाताने धरून हलवला. खेळ लागला तो पहिला बॉक्स सोडून दिला. दुसऱ्याचे पाचही गिअर आणि रिव्हर्स हाताने टाकून शाफ्ट फिरवून पाहिला. आतलं तेल बोटावर घेतलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो आपल्याच इंजिनचा आहे का बघा. पेट्रोल आणि डिझेलच्या बॉक्सची बाहेरून ठेवण सारखी दिसली तरी आतलं फायनल ड्राइव्हचं, म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या शेवटच्या चक्रांचं, प्रमाण वेगळं असू शकतं. तसा बसवला तर गाडी चालेल, पण चढाला दम लागेल किंवा हायवेला इंजिन ओरडत राहील.

वाशिष्ठी

चिपळूणहून लिहितेय. जुन्या बॉक्सबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या गल्लीतल्या सगळ्या गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या. आमच्याही. इंजिनचं सगळ्यांनी बघितलं, पण गिअरबॉक्सकडे कित्येकांचं लक्षच गेलं नाही. बॉक्सला वरून हवा जायला एक छोटी नळी असते, तिथूनही पाणी शिरतं. आमच्या बॉक्सचं तेल काढलं तेव्हा ते दूध घातलेल्या चहासारखं निघालं. आम्ही लगेच दोनदा तेल भरून, थोडं चालवून, काढून टाकलं, म्हणून वाचला. ज्यांनी तसाच ठेवला त्यांची बेअरिंगं गंजून सहा महिन्यांत ओरडायला लागली. अशा गाड्या भंगारात गेल्या, आणि भंगारातून सुटे भाग कुठे कुठे जातात ते कुणाला ठाऊक? जुना बॉक्स घेताना बेअरिंगवर लाल गंजाचे ठिपके दिसले तर हात लावू नका.

बाकी तुम्ही सासुरवाडीला पावसात एसटीने येणार हे वाचून बरं वाटलं.

दापोडीकर

वाशिष्ठीताईंचं अगदी बरोबर. जुना बॉक्स म्हणजे दुसऱ्याची न बघितलेली झीज विकत घेणं. केसिंग फुटलं, चक्राचा दात तुटला, शाफ्ट तापून निळा पडला, तर तो पर्याय. तुमच्याकडे यातलं काहीच दिसत नाही. तुमच्या बॉक्सचा दोष आपल्याला जवळपास कळलेला आहे, तर कळलेला दोष दुरुस्त करावा. मिस्त्रीला एक अट घाला, खोलल्यावर तुमच्यासमोर सगळे भाग मांडायचे आणि मगच आकडा सांगायचा. रिंग शंकूवर दाबून तिच्यात आणि दातांत किती फट राहते ते फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायला सांगा. नव्या रिंगेला साधारण एक मिलिमीटर असते, अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली की रिंग संपली समजा.

आणि रिंग बदलताना तिसऱ्याची स्लीव्ह आणि ती ज्याच्यावर सरकते तो हब जोडीने बदला. एक नवं, एक जुनं असं केलं की नवंही जुन्याच्या झिजेवर झिजतं. स्लीव्ह काढताना हबवर तिची जागा खूण करून ठेवली का, हे बघा. जी जोडी जुनीच ठेवायची असेल ती उलटी बसवली तर चांगली असूनही त्रास देते.

बारा_तेराचा_पाना

काकांच्या यादीत माझी भर. बॉक्स खाली उतरवायला एक्सल काढावे लागतात, ही मजुरी बॉक्स दुरुस्त करा की बदला, तेवढीच पडते. म्हणून खाली असतानाच क्लच प्लेट बघा. निम्म्याहून जास्त झिजली असेल तर प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा सेटच टाका. दोन्ही एक्सलची ऑइल सील आणि इंजिनच्या मागचं क्रँकचं सीलही. सील दोनशे-तीनशे रुपयांचं, पण नंतर गळलं तर पुन्हा सगळी मजुरी.

इन्शुरन्समधून काही मिळेल अशी आशा ठेवू नका, झिजेने आलेला यांत्रिक बिघाड त्यात धरत नाहीत.

कृष्णाकाठ

मंडळी, काम झालं. मुद्दाम दोन आठवडे गाडी चालवून मग लिहितोय.

मिस्त्रीकडे मी आणि आप्पा दोघं गेलो. आप्पा ७३ वर्षांचे, तरी खुर्ची घेऊन समोर बसून राहिले. मिस्त्रीने वर्तमानपत्रावर सगळे भाग ओळीने मांडले. दुसऱ्याची रिंग शंकूवर दाबली तर फीलर गेजची सगळ्यात पातळ पट्टीसुद्धा मधे जाईना. आतल्या चऱ्या बोटाला लागतच नव्हत्या, गुळगुळीत अंगठीसारखी झाली होती. शेजारी नवी रिंग ठेवली, तिच्यावर नख फिरवलं तर खरखर होत होती. तिसऱ्याची स्लीव्ह हातात दिली आणि म्हणाला, दोन्ही बाजूंच्या दातांवर बोट फिरवा. एका बाजूला टोक लागलं, दुसरी बाजू चिंचोक्यासारखी गोल. इनपुट बेअरिंगच्या पट्टीचा टवका उडालेला, चुंबकावरचे दोन तुकडे तिथलेच. तिसऱ्या चक्राचे बारीक दात कडेला थोडे झिजलेले होते, तेही चक्र बदललं. बाकी चक्रं, शाफ्ट, डिफरन्शिअल सगळं चांगलं.

खर्च लिहितो, पुढच्या कुणाला उपयोग होईल. सिंक्रो रिंग पहिल्या चारही गिअरच्या, तिसऱ्या-चौथ्याची हब-स्लीव्ह, तिसऱ्याचं चक्र, दोन बेअरिंग आणि सगळी सील मिळून १४,३००. क्लच सेट ४,९००. तेल आणि किरकोळ १,४००. मजुरी ७,०००. एकूण २७,६००. मिस्त्रीने सांगितलेल्या वरच्या आकड्याला टेकलं, पण क्लच सेट त्यात आहे. फोर्क वाचला, त्याची झीज मर्यादेत होती. पानादादा, तुम्ही वेळेवर हात काढायला लावलात.

मागच्या रविवारी पाऊस नव्हता म्हणून कुंभार्ली उतरलो. आप्पा पुढच्या सीटवर, पोरं घरी. सोनपात्राच्या वळणांना तिसऱ्यात पाय काढला. दांडा जागचा हलला नाही. डावा हात मी स्टिअरिंगवरच ठेवला होता. आप्पा दांड्याकडे बघत होते आणि खाली पोफळीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. तिथे चहाला थांबल्यावर म्हणाले, आता घरी जाताना मी चालवतो.

मीनल_नाशिक

मनापासून अभिनंदन. आप्पांना नमस्कार सांगा. २०२८ चं तेवढं लक्षात ठेवा, आणि पुढची गाडी घेताना एबीएस आणि एअरबॅगा बघूनच घ्या.

वाशिष्ठी

तेल कुठलं टाकलं ते लिहाल का? आमच्या इथे दुकानदार जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल देतोय, जास्त भारी म्हणून.

कृष्णाकाठ

मीनलताई, नक्की. वाशिष्ठीताई, मिस्त्रीने जीएल-४ टाकलं, ७५डब्ल्यू-९० घट्टपणाचं, गाडीच्या पुस्तिकेत तेच छापलंय.

दापोडीकर

ताई, पुस्तिकेत जीएल-४ लिहिलं असेल तर तेच घ्या. जीएल-५ मध्ये जड दाबाला टिकण्यासाठी गंधकाची संयुगं जास्त घातलेली असतात. ट्रकच्या मागच्या डिफरन्शिअलला ते हवंच असतं, पण त्यातली काही तेलं पितळेला खातात, आणि सिंक्रोला जी थोडी पकड लागते तीही कमी होते. भारी म्हणून नव्हे, आपल्या बॉक्सला मानवतं म्हणून तेल घ्यायचं. कृष्णाकाठ, नव्या रिंगांची कीस पहिल्या तेलात उतरते. हजार-दोन हजार किलोमीटरला एकदा हे तेल काढून नवं भरा, आणि बोल्टचा फोटो इथे टाका.